नव्याण्णव होईपर्यंत

वरून स्क्रू पडला तो नेमका तिच्या चहात.

चहा नुकताच आणलेला, अजून वाफा निघत होत्या. तिने आधी कपात पाहिलं, मग वर पाहिलं. तपासणीच्या टेबलाच्या अगदी डोक्यावर, शिडीच्या शेवटच्या पायरीवर एक तरुण उभा होता. दातांत स्क्रूड्रायव्हर, एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हाताने शिडी घट्ट धरलेली, आणि हसावं की पळावं हे न कळल्यासारखा चेहरा.

तो दातांतल्या दातांत काहीतरी पुटपुटला.

"काय?"

त्याने स्क्रूड्रायव्हर तोंडातून काढला. "सॉरी म्हटलं. दुसरा आणून देतो."

"स्क्रू?"

"चहा हो!"

माल चढवायच्या दाराशी पाऊस पत्र्यावर ताडताड वाजत होता. त्या आवाजातही पैलवानाचं हसणं सगळ्यांना ऐकू आलं. पैलवान म्हणजे ट्रकमध्ये माल चढवणारा लोडर. अंगाने काडी, म्हणूनच हे नाव. "कॅमेरावाले, जपून हं," तो ओरडला, "आमची घार आहे ती. तिच्या नजरेतून काही सुटत नाही!"

यात अतिशयोक्ती नव्हती. आठ वर्षं ती या टेबलाशी उभी होती. बाहेर जाणारं प्रत्येक खोकं सरकत्या पट्ट्यावरून तिच्यापुढे यायचं. लेबल नीट आहे का, टेप सुटली आहे का, कुठे फाटलंय, कुठे चेपलंय, हे ती एका दमात बघायची आणि पुढे ढकलायची. गोदामात तिला सगळे घार म्हणत, प्रेमाने, आणि थोडं वचकूनही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळं समजावून सांगितलं. आता कॅमेरा प्रत्येक खोक्याचा फोटो काढणार आणि खोकं ठीक की खराब ते कॉम्प्युटर ठरवणार. पण कॉम्प्युटरला आधी शिकवायला हवं. शिकवणार कोण? अर्थात घार. रोज दुपारनंतर तिने कॅमेरावाल्याच्या शेजारी बसायचं आणि एकेक खोकं हाताने तपासून त्याच्या फोटोला बटण दाबायचं— ठीक किंवा खराब. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा होता. शंभरातून किती वेळा मशीनचं उत्तर तिच्या उत्तराशी जुळलं, तो आकडा. पहिल्या दिवशी तो होता एकाहत्तर.

"आणि शंभर झाले की?" तिने विचारलं.

"शंभर कधीच होत नाहीत. नव्याण्णव झाले की माझं काम संपलं. मग पुढचं गोदाम, दुसऱ्या गावी."

"आणि माझं टेबल?"

तो हातातली वायर उगाच गुंडाळत राहिला. "ते... साहेबांना विचारा ना."

विचारायची गरज नव्हती. तिने त्याच क्षणी ठरवलं, या माणसाशी कामापुरतंच बोलायचं. हा निश्चय दुसऱ्या दिवशीच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकला.

सुट्टी संपता संपता एक खोकं आलं. तिने लगेच बाजूला काढलं. "हे खराब."

"कुठे? चांगलं तर दिसतंय. मशीनलाही चांगलंच दिसतंय."

"दिसणार नाहीच. भिजून वाळलंय हे. हात द्या इकडे."

आणि तिने, कसलाही विचार न करता, त्याचं बोट धरून खोक्याच्या तळाच्या कडेवरून फिरवलं. कड दाबली की किंचित आत जात होती. "वाळलं म्हणजे बरं झालं असं नसतं," ती म्हणाली. "एकदा भिजलेल्या पुठ्ठ्यात जोर राहत नाही. तळ कधी सुटेल, नेम नाही. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. पण बोट काही त्याने काढून घेतलं नाही... आणि तिनेही सोडलं नाही. पलीकडून पैलवान मोठ्याने खोकला, तेव्हा दोघंही दचकले.

मग दुपारी फार लवकर संपू लागल्या. फोटो यायचे, ती बटण दाबायची, तो बाजूला बसून आकडे बघायचा, म्हणजे निदान तसं म्हणायचा.

"तुम्ही स्क्रीनकडे बघत नाही आहात," एकदा ती म्हणाली.

"बघतोय की."

"मग आत्ताचा फोटो कसला होता?"

"खोक्याचा!"

ती हसली, आणि हसण्यात दोन फोटो चुकले. 'तुम्ही' कधी गळून पडलं आणि 'तू' कधी सुरू झालं, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. घरी मात्र आईच्या आलं. "आजकाल खोकीसुद्धा फार बघण्यासारखी झालीत वाटतं," आई म्हणाली, "आरशासमोरून हलेनास ती!"

चौऱ्याऐंशी. एक्याण्णव. पंचाण्णव. एका गुरुवारी आकडा सत्त्याण्णववर गेला.

"आणखी आठवडाभर," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. "फार तर."

त्या दिवशी तिने डबा तसाच परत नेला. सगळं तिच्याच बोटांनी चाललं होतं, हे तिला आत्ता कुठे उमगलं. ती जितकं चोख काम करणार, तितका तो लवकर जाणार. आठ वर्षं जिचा अभिमान बाळगला ती नजरच तिच्या मुळावर आली होती.

शुक्रवारी एका खोक्याची कड तिच्या बोटाखाली आत गेली, भिजून वाळलेलं होतं ते. त्याचा फोटो स्क्रीनवर आला. तिचं बोट क्षणभर थांबलं... आणि तिने 'ठीक' दाबलं.

असलीच खोकी तिने निवडली, त्यालाही कारण होतं. फाटलेल्याला ठीक म्हटलं असतं तर कोणीही तिला पकडलं असतं. भिजून वाळलेलं मात्र कोणाच्याच डोळ्याला दिसत नाही. ते फक्त तिच्या बोटाला कळतं. मशीन आता अशी काही खोकी ओळखू लागलं होतं; ते खराब म्हणायचं, ती ठीक, आणि पुढल्या आठवड्यात आकडा पंचाण्णववर आला.

"अरेच्चा, घसरला की," कॅमेरावाला म्हणाला. "आता थांबावं लागणार." त्याच्या आवाजात दुःख नावालाही नव्हतं.

तीन आठवडे आकडा पंचाण्णव-शहाण्णवच्या पुढे गेला नाही. हे तीन आठवडे तिच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते, हे सांगून टाकलेलं बरं. दोघांनी एका डब्यात जेवावं, सुटल्यावर एका छत्रीतून बसस्टॉपपर्यंत चालावं, आणि येईल ती बस भरलेली आहे म्हणून सोडून द्यावी. पैलवान ट्रकवरून ओरडायचा, "लग्नात सामान उचलायला मीच! एक पैसा घेणार नाही!" दोघंही ऐकलं न ऐकलंसं करायचे. मनातलं मात्र कोणीच बोललं नव्हतं. घाई काय होती? आकडा तर हलतच नव्हता.

मग एका सकाळी साहेब आले आणि म्हणाले, "शहाण्णव म्हणजे काही कमी नाही. आज दोन नंबरच्या दारावरचा माल नुसत्या मशीनवर सोडून बघू."

तिने कॅमेरावाल्याकडे पाहिलं. तो स्क्रीनकडे बघत राहिला. एक वाक्य बोलायचा अवकाश होता. आठवडाभर पाऊस नाही, भिजलेलं काही नसेलच... अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि एक नंबरच्या दाराकडे वळली.

इथे पाऊस नव्हता. पण माल जिथून आला होता तिथे होता.

साडेअकराला काच फुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ पैलवानाची किंकाळी. बरण्यांचं खोकं होतं. वरून नवं कोरं, कॅमेऱ्याने हिरवा दिवा दिलेलं. उचलताच तळ सुटला. सुटलेला माल सोडून द्यावा, हे त्या वेड्याला जमलं नाही. बरण्या वाचवायला त्याने खाली हात घातला. ती धावत गेली तेव्हा तो तळहात दुसऱ्या हाताने आवळून बसला होता. तिने खोक्याची कड दाबली. बोट आत गेलं.

दोन बोटांच्या शिरा तुटल्या होत्या. ती पुन्हा पुरती मिटणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं.

चौथ्या दिवशी ती एकटीच पैलवानाच्या घरी गेली. त्याच्या बायकोने चहा ठेवला. पैलवानाने डाव्या हाताने कप उचलला, थोडा सांडला आणि हसला. "ए घार, अशी रडवेली काय होतेस? मशीनचीच चूक, माणसाची थोडीच? फक्त एक झालं बघ... तुमच्या लग्नाचं सामान उचलायचं राहिलं माझं."

तिला तो चहा गिळवेना. तिथेच, त्याच्या बायकोसमोर, तिने सगळं सांगितलं. पैलवानाने बँडेजचा हात मांडीवर ओढून घेतला. मग बायकोला म्हणाला, "दार लावून घे. वारा येतोय." त्यानंतर त्याने तिला कधी घार म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती सरळ साहेबांच्या खोलीत गेली. कॅमेरावाला तिथेच बसला होता, कुठे चुकलं त्याचा अहवाल लिहीत.

"साहेब, ते खोकं मशीनने सोडलं नाही. मी सोडलं," ती म्हणाली. "भिजलेल्या खोक्यांना मी मुद्दाम ठीक म्हणत होते. तीन आठवडे."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "का पण? टेबल जाईल म्हणून?"

हो म्हणणं सोपं होतं. सगळ्यांना पटलं असतं, थोडी कीवही आली असती. पण खोटं बोलायची ताकदच आता तिच्यात उरली नव्हती.

"नाही. टेबल जाणारच होतं. नव्याण्णव झाले की... हे जाणार होते. म्हणून."

मग कॅमेरावाला उभा राहिला.

"मला माहीत होतं, साहेब. पहिल्या फोटोपासून. ती कड कशी ओळखायची ते तिनेच मला शिकवलं होतं. मी रोज ती कड दाबून बघत होतो आणि गप्प बसत होतो. त्या सकाळीही गप्प बसलो." त्याने हातातला अहवाल टेबलावर ठेवला. "कारण तेच."

इतके दिवस जे एकमेकांना सांगायचं राहिलं होतं, ते दोघांनी साहेबांना सांगितलं. एकमेकांकडे बघायची हिंमत दोघांचीही झाली नाही.

साहेबांनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. "आधी हे सगळं निस्तरा," ते शेवटी म्हणाले. "मग दोघंही चालते व्हा. तुझं टेबल महिनाअखेरपर्यंत."

निस्तरायला तीन दिवस लागले. कॅमेरावाल्याने कॅमेऱ्याजवळचा उजेडाचा दिवा वरून काढून पट्ट्याच्या बाजूला, अगदी खाली लावला. भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यावर किंचित लहरी उमटतात. आडव्या उजेडात त्या लहरींच्या सावल्या पडल्या, आणि जे आजवर खात्रीने फक्त तिच्या बोटाला कळायचं ते कॅमेऱ्याला लख्ख दिसू लागलं. मग ती बसली, एकेका फोटोला खरं उत्तर देत. खराब. ठीक. खराब. खराब. तो शेजारीच होता. त्यांच्या खुर्च्यांमध्ये आता हातभर अंतर होतं.

सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव.

"माझ्याबरोबर चल," तिसऱ्या दुपारी तो म्हणाला, हळू, स्क्रीनकडेच बघत.

"आणि?"

"आणि काय... राहू. दोघं."

किती दिवस या वाक्याची तिने वाट पाहिली होती! आता ते आलं, आणि तिला नुसतं रडू फुटलं. "सकाळी उठून तुझं तोंड बघेन ना, तेव्हा आधी मला त्याचा हात दिसेल," ती म्हणाली. "तुला नाही दिसणार?"

त्याने नाही म्हणावं असं तिला फार फार वाटलं. त्यालाही म्हणावंसं वाटलं असणार. त्याचे ओठ हललेही.

"दिसेल," तो म्हणाला.

दोनच फोटो उरले होते. एक ठीक होता. दुसरा आला तेव्हा दोघंही थांबले. नवं कोरं खोकं, तळाच्या कडेला बारीक सावल्या.

"हा तू दाब," ती म्हणाली.

"नको. हे शिकवलंस तू. तूच दाब."

तिने डोळे पुसले आणि 'खराब' दाबलं. कोपऱ्यातला आकडा नव्याण्णव झाला. त्याने उठून वायर गुंडाळायला घेतली, पण ती पुन्हा पुन्हा गुंतत गेली. शेवटी तिनेच ती गुंडाळून त्याच्या बॅगेत ठेवली. "मी प्रेम केलं रे तुझ्यावर," ती बॅगेकडे बघत म्हणाली. "खूप." तो "मीही" म्हणाला आणि भरभर दाराबाहेर गेला. त्या दिवशी बस रिकामी होती. त्याने ती सोडली नाही.

सकाळी ती नेहमीसारखी टेबलाशी उभी राहिली. काम असं काही नव्हतं. पैलवान आता गेटवर बसत होता. येताना तिला बघून तो "या ताई" म्हणाला होता आणि मान वळवली होती. खोक्यांमागून खोकी कॅमेऱ्याखालून जात होती, हिरवा दिवा, हिरवा दिवा. दहाच्या सुमारास लाल दिवा लागला आणि पट्टा थांबला.

खोकं वरून अगदी चांगलं होतं. तिने हात पुढे केला आणि तळाची कड दाबली. बोट आत गेलं.

"बरोबर आहे," ती मशीनला म्हणाली. खोकं उचलून तिने बाजूला ठेवलं आणि टेबलाला धरून उभ्या उभ्याच रडू लागली. तेवढ्यात पट्टा पुन्हा सुरू झाला.