चौथ्या मजल्याचं मत

मी त्याच्यावर जवळजवळ पायच दिला, तीच आमची पहिली भेट.

जिन्याच्या वळणावर हा माणूस चक्क उताणा पडला होता. माझ्या हातात ट्रे, ट्रेमध्ये दातांचे साचे. मी कवळ्या बनवते; मापं दंतवैद्य घेतात, दात मी करते. मला वाटलं, घसरला बिचारा.

"लागलं का हो?"

"हलू नका..." तो पडल्या पडल्या म्हणाला. "तुमच्या केसांवर निळा उजेड पडलाय."

वर छताला रंगीत काचांची खिडकी आहे. जन्मापासून मी तिच्याखालून ये-जा करते, पण माझ्या केसांवर काय पडतं हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तो उठला, पाठीवरची धूळ झटकली आणि हसला. पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले. माझ्या धंद्यात अशा दातांकडे लगेच नजर जाते... या वेळी ती परत यायला तयार होईना.

तो वास्तुरचनाकार. जुन्या इमारती जतन कराव्यात का, यावर रहिवाशांची मतं गोळा करायला एका समितीने त्याला पाठवलं होतं. आमची इमारत म्हणजे एकेकाळचं व्यापाऱ्यांचं विश्रामगृह. लोखंडी वेलबुट्टीचा कठडा, गोल फिरत जाणारा जिना आणि मध्ये मोकळी जागा. त्या जागेत लिफ्ट बसवायला मालक एकदाचा तयार झाला होता. त्यासाठी कठडा कापावा लागणार होता. आणि इमारत वारसा म्हणून जाहीर झाली, की कठड्याला कुणी बोटही लावू शकणार नव्हतं.

मला लिफ्ट हवी होती. बाबांसाठी. बाबा बस चालवायचे. उभ्या शहराला चढवलं-उतरवलं, आणि आता गुडघ्यांनी असा दगा दिला होता, की गेल्या हिवाळ्यापासून ते स्वतः खाली उतरले नव्हते. समोरचा न्हावी दाढी करायला वर यायचा. पण बाबांना दाढीचं काय कौतुक? त्यांना त्याच्या दुकानातल्या बाकावर बसून गप्पा छाटायच्या होत्या.

तो मात्र येतच राहिला. कधी कठडा मोजायला, कधी काचा मोजायला. एकदा तर मोजपट्टीच विसरून आला.

"आज काय मोजायचंय?" मी विचारलं.

"ही खिडकी."

"खिडकी तिकडे आहे. तुम्ही बघताय इकडे."

त्याचे कान लाल झाले. "तुमच्या हातातलं... ते काय करताय?"

"दात. तुमचे पुढचे दोन सरळ करून देऊ का?"

"इतके वाईट आहेत?"

"छे! मूळ रचना आहे. कुणाला हात लावू देणार नाही मी."

बोलून गेले आणि मीच गडबडले. मेणाचा एक दात माझ्या बोटांत चपटा झाला. त्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं.

सुनावणीत एका घराचं एकच मत ऐकणार होते. बाबांना जाणं अशक्य, मला कामातून निघणं कठीण. "तू बोल, मी फोनवर रेकॉर्ड करून घेतो," तो म्हणाला, "आणि तिथे ऐकवतो." मी दुपारभर बोलले. निळ्या उजेडाचं सांगितलं, लहानपणी कठड्यावरून घसरत जायचे ते सांगितलं. बाबांच्या गुडघ्यांचं सांगितलं. आईला दवाखान्यात न्यायला खुर्चीत बसवून चौघांनी उतरवलं, तेव्हा ती घाबरून प्रत्येक वळणावर कठडा धरत होती, आणि तिची बोटं मला सोडवावी लागत होती... तेही सांगितलं. तो हनुवटीला हात लावून ऐकत होता. त्याचे डोळे भरून आले होते. तेव्हाच मी ठरवलं, की हाच.

सुनावणीला मी हातातलं काम टाकून गेलेच. शेजारच्या बंगल्यातले निवृत्त मुख्याध्यापक तावातावाने बोलत होते, "या इमारती म्हणजे आपल्या शहराचा चेहरा!"

"चेहरा यांचा, गुडघे आमचे," दुसऱ्या मजल्यावरच्या काकू माझ्या कानाशी पुटपुटल्या.

मग माझा आवाज सुरू झाला. निळा उजेड. गुळगुळीत, गार कठडा. बालपण. "या घरासारखं घर मला कुठे मिळणार नाही..." आणि तिथेच संपला. पुढे 'पण' होता. अख्खी दुपार त्या 'पण'ची होती. लोक टाळ्या वाजवत होते.

मी ताडकन उठले. "अहो, हे अर्धंच आहे!"

"चौथ्या मजल्याचं मत झालं, ताई," अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले. "बसा."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

इमारत वारसा ठरली. दुसऱ्याच दिवशी तो जिने चढत, धापा टाकत आला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"तुझ्या आवाजाने जिंकलो आपण!"

"बाबांचं काय केलंस?"

"अगं, वेळ थोडा होता... जे सगळ्यात सुंदर होतं, ते ठेवलं मी." मग तो घुटमळला. "ऐक ना... मी आधी या इमारतीच्या प्रेमात पडलो, मग तुझ्या. की आधी तुझ्या... मला नीट सांगता येत नाही. लग्न करशील माझ्याशी?"

किती दिवस या वाक्याची वाट पाहिली होती! आणि आलं ते असं. मला तो आवडत होता. अजूनही आवडतो, हाच तर संताप आहे.

"करीन," मी म्हणाले. "लग्नानंतर इथे राहशील? माझ्या आणि बाबांच्या बरोबर, चौथ्या मजल्यावर?"

"इथे...?" त्याने जिन्याकडे पाहिलं. "माझा फ्लॅट आहे की. नवी इमारत आहे, सगळी सोय आहे. बाबांनाही तिकडेच नेऊ. लिफ्ट आहे..."

बोलता बोलता तो थांबला. आतून बाबा हसून म्हणाले, "जावईबापू, त्या लिफ्टपर्यंत मी पोचायचं कसं?"

माझा हात धरायला तो पुढे झाला. मी हात मागे घेतला.

"जा तू," मी म्हणाले. "मोजून झालंय सगळं."

तो गेला. चार मजले झरझर उतरून गेला. खालचं दार वाजल्याचं ऐकू आलं, तेव्हा बाबा अजून खुर्चीतून उठायचाच प्रयत्न करत होते.