थोडी मागं सर

प्रभाबाई कुणाच्याही फोटोत आधी चांगलं काय ते सांगायच्या. मग चूक, आणि ती सुधारायची कशी तेही. शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या, तेव्हाची सवय. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचं माळावर जाणं सुटलं होतं. सोलापुरातल्या आपल्या दोन खोल्यांबाहेर त्या फारशा पडत नसत. पण हौशी पोरंपोरी रविवारी आपले फोटो दाखवायला यायची, तेवढाच माळ घरात यायचा. बाईंना त्याचं फार अप्रूप.

त्या रविवारी अंकितानं, त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीनं, लॅपटॉपवर खोकडाचा फोटो उघडला. होटगीच्या पुढच्या माळावर कलत्या उन्हात टिपलेला. कोल्ह्याहून लहान जनावर, कान ताठ.

"डोळे काय सुरेख धरलेस गं!" बाई म्हणाल्या. "पण शेपटीचं टोक कापलं गेलंय बघ. बिचारं चौकटीत कोंबल्यासारखं वाटतं. थोडी मागं सर. त्याच्या नाकासमोर मोकळं राहू दे, म्हणजे ते कुठं निघालंय ते कळेल."

अंकिता खुशीत गेली.

पुढच्या रविवारी आली ती शेंगाचटणीचा डबा घेऊन, आणि आल्या आल्या बाईंच्या पाया पडली.

"अगं, हे काय?"

"बाई, परवा तुम्ही आला नसता तर मी आज जिवंत नसते."

बाई हसल्या. "कुठं आले मी?"

"माळावर की."

अंकिता सांगत गेली. संध्याकाळची वेळ. खोकड बिळाबाहेर आलेलं. कॅमेरा डोळ्याला लावूनच ती हळूहळू मागं सरकत होती. शेपूट चौकटीत आली, समोरचं गवत आलं... आणखी एक पाऊल, म्हणून तिनं पाय उचलला, तोच पाठीवर हात टेकला. थंडगार. "पुरे. आता हलू नकोस." बाईंचाच आवाज. तिनं फोटो काढला आणि वळून बघितलं. टाचेला लागूनच विहीर होती. कठडा नाही, वर गवत माजलेलं.

"आणि तुम्ही पलीकडच्या काठावर बसलेल्या. चला म्हटलं, तर म्हणालात, तू हो पुढं... मी आहे इथं."

बाईंच्या हातातला डबा तसाच राहिला. परवा संध्याकाळी त्या याच खुर्चीत, पाय शेकत बसल्या होत्या. आणि पोरीच्या पाठीवर हात टेकायचा, तर टेकणाऱ्याला उभं राहायला तिथं जमीनच नव्हती.

त्यांनी फोटो पाहिला. खोकड अख्खं होतं, सुंदर होतं. "छान जमलाय," एवढंच त्या म्हणाल्या. थोडी मागं सर, हे त्यांनीच सांगितलं होतं. त्या तीन शब्दांपायी पोरगी गेली असती... या विचारानं त्यांना दरदरून घाम फुटला.

"मला तिथं घेऊन चल," त्या म्हणाल्या.

रिक्षा जाईल तिथवर गेली. पुढं काठी टेकत बाई चालल्या. उन्हं कलली होती. वाळल्या गवताचा वास हळूहळू मागं पडला आणि शेवाळाचा, कोंडलेल्या पाण्याचा वास येऊ लागला. पाखरू बोलत नव्हतं. विहिरीशी जवळच्या वस्तीवरची चंद्रव्वा मेंढरं घेऊन उभी होती.

"आलात व्हय बाई? आज काठी कशाला?"

"तुम्ही... ओळखता मला?"

"आसं काय करता? दिवस कलला की रोज हितंच बसता की! माजी कोकरं हिकडं वळली की हात आडवा करता. तुमच्यामुळं येक बी पडलं न्हाय. लई उपकार हायती." तिनं हात जोडले.

अंकिताचा चेहरा पांढरा पडला होता. बाईंना म्हणायचं होतं, ती मी नव्हे. पण त्या जोडलेल्या हातांकडं पाहून, शेजारी उभ्या असलेल्या धडधाकट पोरीकडं पाहून त्यांच्यानं ते म्हणवेना. त्या विहिरीकडं वळल्या. आत काळं पाणी होतं, हललंही नाही. बाईंनी हात जोडले. भीती होतीच, पण त्याहून मोठं काहीतरी उरात दाटून आलं होतं.

"कुणी का असेना," त्या पुटपुटल्या, "माझी पोर वाचवलीस..."

मग तिघींनी मिळून बाभळीच्या वाळल्या फांद्या ओढून आणल्या आणि विहिरीभोवती काट्यांचं कुंपण घालायला घेतलं. उद्या आणखी कुणाचा पाय चुकायला नको. शेवटची फांदी अंकिता लावणार, तोच चंद्रव्वानं तिचा हात धरला.

"बाई, येक बाजू मोकळी ऱ्हाऊ द्या की," ती अगदी साधेपणानं म्हणाली. "समदीकडनं काटं लावलं, तर उद्या वर कशा येणार तुमी?"

अंकिता फांदी धरून थांबली. मेंढरंसुद्धा थांबली होती.

बाई सावकाश वाकल्या. ती फांदी त्यांनी स्वतःच्या हातानं बाजूला केली. एक माणूस निघेल एवढीच वाट ठेवली.