सहा इंचांचं गौडबंगाल

"एकतीस इंची टायर! त्याच्याखाली आपण बोलायचंच नाही!" राजस पिकअपच्या टपावरून ओरडला.

"आधी खाली उतर! मामांनी बघितलं तर टायरच्या आधी तुलाच काढून ठेवतील!" शिवांजली खालून म्हणाली. तिच्या हातात मोजायचा टेप होता आणि कानामागं पेन्सिल.

सुट्टी लागली आणि ही दोघं भावंडं भूमहून माकणीला मामांकडं आली. बलभीममामांनी कलिंगडं लावली होती ती धरणाच्या पोटात. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की उघडी पडणाऱ्या काळ्या जमिनीत. तिथं उतरायला एकच वाट, खडी आणि दगडांनी भरलेली. मामांची पिकअप वीस वर्षांची. गेल्या आठवड्यात एका दगडावर तिचं पोट असं आपटलं, की डिझेलची टाकीच चेपली! म्हणून मामांनी लोहाऱ्याच्या गॅरेजात गाडी थोडी वर उचलून घ्यायचं आणि जरा मोठे टायर टाकायचं ठरवलं होतं.

पण किती उचलायची? आणि मोठे म्हणजे केवढे?

"जेवढी उंच तेवढी भारी!" राजस खाली उडी मारत म्हणाला. "चार इंच उचलायची!"

"आन् वळणावर कलंडली म्हंजे?" शेजारचे ईरण्णा आजोबा बाजेवर बसून हसले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांचा जन्म गेला होता. "वर कलिंगडाचं वजन आसतंय, बाळा. दगड किती उंच हाय ते आधी मोजा. लागंल तेवढंच उचला."

मग काय! तिघं टेप घेऊन पळाली. तिसरी म्हणजे मामांची दहा वर्षांची समृद्धी. वहीत आकडे लिहायचं काम तिचं. सगळ्यात उंच दगड मोजला, गाडीचं पोट मोजलं, मडगार्डची उंचीही मोजली. अडीच इंच मिळाले तर गाडी आरामात निघणार होती.

"आता टायर," शिवांजली म्हणाली. "मोबाइलवर हे एक माप सापडलं. २३५, ७५, १५. म्हणजे टायर २३५ मिलिमीटर रुंद. त्याच्या शेकडा पंच्याहत्तर एवढी त्याची बाजूची उंची. ती वर एकदा, खाली एकदा. आणि मधे पंधरा इंची लोखंडी चाक." तिनं भराभर गणित मांडलं. "जवळजवळ एकोणतीस इंच! आत्ताचा टायर सव्वासत्तावीसचा आहे."

"पावणेदोन इंच मिळाले की!" राजस म्हणाला.

"अर्धेच! टायर खालीही वाढतो आणि वरही. गाडी उचलली जाते फक्त खालच्या वाढीनं."

"म्हणजे टायरचे पाऊण-एक इंच आणि गाडी उचलायची दोन इंच," समृद्धीनं वहीत लिहिलं. "पावणेतीन. झालं!"

मामांनी वही बघितली आणि खूश झाले. "शाब्बास! हेच माप गॅरेजवाल्याला देतो." त्यांनी कागद फाडून खिशात घातला आणि गाडी घेऊन लोहाऱ्याला गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी पिकअप परत आली. अख्खी गल्ली बाहेर आली! काळेकुळकुळीत, रुंद, दांडगे टायर. गाडी अशी ताठ उभी की जणू कुस्तीला निघालीय.

"बाप रे! काय दिसतीये!" राजसनं टाळ्या पिटल्या.

"गॅरेजवाला वैजनाथ म्हनला, असली गाडी जिल्ह्यात न्हाय," मामा कौतुकानं म्हणाले. "उद्या सकाळी यायलाय तो. आपन कलिंगडं भरून आनताना व्हिडिओ काढनार हाय, गॅरेजच्या जाहिरातीला."

सगळे गाडीभोवती फिरत होते. समृद्धी तेवढी मागं उभी राहून पायरीशी झगडत होती.

"ताई, मला चढताच येईना! आधी मागच्या पायरीवर पाय पोचायचा."

"गाडी उंच झालीये ना, वेडे," राजस म्हणाला.

"पावणेतीन इंचच ना?" समृद्धीनं हाताची बोटं फाकवून दाखवली. "एवढंसं. मग पाय एवढा का लोंबकळतोय?"

शिवांजलीनं टेप काढला. मडगार्डची जमिनीपासूनची उंची मोजली. वहीतला जुना आकडा बघितला. पुन्हा मोजली.

"सहा इंच," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"गाडी पावणेतीन नाही, सहा इंच वर गेलीये!"

राजस गुडघ्यावर बसला आणि टायरच्या बाजूवरचे आकडे वाचू लागला. "२३५ नाहीच इथं! इथं लिहिलंय एकतीस!" आपल्याला हवा तोच टायर मिळाला म्हणून त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याचा चेहरा उतरला. "आणि गाडी उचलायला स्प्रिंगच्या पाट्यांखाली घातलेले ठोकळे बघ. चार इंचांचे आहेत. मामांनी कागद दिला होता ना?"

तिघं मामांकडं धावली. मामा गाडीच्या नादात होते. "आरं, जास्ती उचलली तर चांगलंच की! वैजनाथला जास्ती कळतंय का तुमाला?"

आता?

तिघं ईरण्णा आजोबांकडं गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला आठी घातली.

"उंचीचं सोडा. गाडी वर गेली म्हंजे चाक खाली गेलं. ब्रेकचा रबरी पाइप चाकाला जोडलेला आसतो. तो पुरतोय का? आन् एवढा रुंद टायर वळताना कशाला घासतोय, ते बघायला पायजे. पर बलभीम मोठ्या मान्साचंच ऐकनार."

"मग त्या मोठ्या माणसाकडूनच दाखवायचं!" शिवांजलीचे डोळे चमकले. "आजोबा, ओला चुना आहे तुमच्याकडं?"

सकाळी आठला वैजनाथकाका आले. डोळ्यांवर गॉगल, हातात मोबाइल. गावातली दहा-पंधरा माणसं वाटेच्या तोंडाशी जमली होती. खाली धरणाचं पाणी चकाकत होतं. मामा गाडीत बसायला निघाले.

"काका! काका!" राजस पुढं धावला. "आधी फोटो! इथं सपाटीवर! पुढचं एक चाक त्या दगडावर चढवा आणि स्टेअरिंग पूर्ण वळवा. मोठाल्या गाड्यांचे फोटो असेच असतात!"

"आणि तुम्हीच चालवा ना, काका," समृद्धी गोड आवाजात म्हणाली. "तुमचंच काम आहे ते!"

वैजनाथकाका फुलले. "हुशार हायेत पोरं! व्हा बाजूला, बलभीमराव!"

ते आत चढले. त्याआधीच शिवांजलीनं पुढच्या दोन्ही टायरांना सगळीकडून ओला चुना फासला होता. "रांगोळी काढलीय गाडीला!" असं तिनं मामींना सांगून टाकलं होतं. ईरण्णा आजोबांच्या सांगण्यावरून मागच्या चाकांच्या मागं, थोड्या अंतरावर, राजसनं दोन मोठे दगड ठेवले होते.

गाडी घुरघुरली. पुढचं चाक दगडावर चढलं. काकांनी स्टेअरिंग डावीकडं पूर्ण वळवलं.

खर्रर्र!

"हा कसला आवाज?" मामा दचकले.

"कायी न्हाय, नवीन टायर हाय!" काका ओरडले. त्यांनी स्टेअरिंग उजवीकडं गरकन फिरवलं.

खर्रर्र... फट्!

चाकाच्या आतून पिवळसर तेलाची पिचकारी उडाली! गाडी दगडावरून मागं सरकू लागली. काकांनी ब्रेकवर पाय दाबला.

"पेडल! पेडल खाली गेलं! ब्रेक लागंना!"

"बाजूला व्हा!" शिवांजली किंचाळली. माणसं पांगली. गाडी दोन हात मागं आली आणि धप्पकन राजसच्या दगडांवर अडकली. काकांनी घाबरत हँडब्रेक ओढला.

मामांनी खालच्या उताराच्या वाटेकडं बघितलं, मग पाण्याकडं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांच्या कडेला समृद्धी उभी होती. तिचा हात त्यांनी घट्ट धरला.

ईरण्णा आजोबा वाकून चाकाच्या आत बघत होते. "या, सगळे बघा. मडगार्डच्या आत चुना लागलाय. आन् हितं, ब्रेकच्या पाइपावर बी चुना! म्हंजे टायर पाइपाला घासत हुता. चाक जरा लोंबकळलं की पाइप तारंवानी तानला जायचा. आज ना उद्या तुटनारच हुता. हितं तुटला म्हनून बरं."

वैजनाथकाका गाडीतून उतरले. गॉगल कुठंतरी पडला होता.

"मामांनी तुम्हाला माप लिहून दिलं होतं," शिवांजली म्हणाली. "मग हे का बसवलं, काका?"

काका खाली मान घालून उभे राहिले. "हे सामान दुसऱ्या गाडीसाठी आनलेलं. त्या मान्सानं नको म्हनलं. पडून हुतं. मला वाटलं, मोठं बसवलं तर बलभीमराव खूशच हुतील. कागद... कागद म्या उघडूनसुदिक बघितला न्हाय. पाइपाचं ध्यानातच आलं न्हाय. चुकलं माजं."

"चुकलं? माझी लेकरं बसनार हुती गाडीत!" मामांचा आवाज चढला. वैजनाथकाकांनी हात जोडले. मामांनी गाडीकडं बोट दाखवलं. मग म्हणाले, "आज गाडी टोचन लावून वढत न्या. कागदावर हाय तसंच करा. आन् ईरण्णा आप्पा तिथं बसून बघतील."

ईरण्णा आजोबा दोन दिवस लोहाऱ्याला जाऊन बसले. दोन इंचांचे ठोकळे बसले, २३५ चे टायर आले, ब्रेकला लांब पाइप लागले. गाडी उंचावल्यानं वर बघणारे पुढचे दिवेही खाली वळवून घेतले. पिकअप आली तेव्हा तिघांनी टेप लावला. पावणेतीन इंच! एक रेघही इकडं नाही की तिकडं नाही.

त्याच संध्याकाळी उजेड असतानाच मामा वाटेला लागले. तिघं आत दाटीवाटीनं बसलेली. पहिला दगड आला. राजसनं डोळे मिटले. कुठंच खाडकन आवाज नाही! दुसरा, तिसरा... गाडी अलगद खाली उतरली आणि रानाच्या कडेला उभी राहिली.

"जिंकलो!" समृद्धी ओरडली.

मामांनी इंजिन बंद केलं. ते तिघांकडं वळले. "म्या तुमचं ऐकायला पायजे हुतं. माप तुमी घेतलं आन् म्या दिसन्यावर भुललो."

"मीपण भुललो होतो, मामा," राजस कबूल झाला.

रानात मजूर बायांबरोबर मामी कलिंगडं गोळा करत होत्या. सगळ्यांच्या कानावर गोष्ट गेलीच होती. ईरण्णा आजोबा बांधावर बसले होते. त्यांनी तिघांना जवळ बोलावून पाठीवर थाप मारली आणि मोठ्यानं म्हणाले, "वर्कशॉपात म्या लई हेल्पर तयार केले. पर गाडीला हात लावायच्या आधी इचार करनारे असले तीन एकदम कवा मिळाले न्हाईत!"

मामींनी एक मोठं कलिंगड दगडावर फोडलं. लालभडक! तिघांनी एकदमच हात घातला.