रिंगणातली रिकामी जागा

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला कोणाची समजूत काढायची नाही. पण हे घडलंय, माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि माझी मावशी घाबरट नाही. घरात चोर शिरला तर त्याला आधी पाय पुसून यायला सांगेल अशी बाई आहे ती.

भुतं रात्रीच येतात असं ज्याने ठरवलं, त्याला काही ठाऊक नाही. ही फेब्रुवारीतल्या एका शनिवारची संध्याकाळ. खिडक्यांतून पिवळं ऊन आत येत होतं. हॉल माणसांनी भरलेला होता…

आणि तरीही ते आलं.

आधी जरा मागचं सांगतो. माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, जुनी समूहगाणी गायचे. परदेशातली, चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची. वाद्य एकही नाही, नुसते गळे. एकाचा सूर दुसऱ्याच्या सुरात वेणीसारखा गुंफलेला. असल्या गाण्यावर पोट भरेल का, असं सगळे हसले. काकांनी मूठभर पक्के गायक गोळा केले, एका बंद पडलेल्या छापखान्याचा हॉल भाड्याने घेतला आणि कॉयर काढला. पोट भरलं. पोटाला चिमटा काढून का होईना, भरलं.

काका समोर उभं राहून हातवारे करत नसत. "मी काय वाहतूक पोलीस आहे?" म्हणायचे.

त्यांची पद्धत वेगळी होती. सगळे रिंगण करून उभे राहायचे, काकाही त्यातच. प्रत्येकाचा उजवा हात शेजाऱ्याच्या खांद्यावर. काका मावशीच्या डाव्या खांद्यावर दोन बोटांनी हलकेच लय द्यायचे. मावशी ती पुढच्याला द्यायची, तो त्याच्या पुढच्याला. खांद्याखांद्यावरून लय सगळं रिंगण फिरायची. डोळे मिटून गायचे सगळे, आणि तरी एक अक्षर मागेपुढे होत नसे.

मग काका गेले. हृदयाचा झटका. सकाळी चहा घेतला आणि दुपारी नव्हते.

कॉयर मावशीने चालवायला घेतला. पहिल्या तालमीला सगळे उभे राहिले तेव्हा कोणीच काकांच्या जागी सरकलं नाही. कोणी ठरवलं नव्हतं. आदर म्हणून ती जागा रिकामी राहिली.

तिथेच चुकलं.

काही आठवडे ठीक गेले. लय आता मावशीपासून सुरू व्हायची. आणि एका तालमीला, गाणं रंगात आलेलं असताना…

मावशीच्या डाव्या खांद्यावर दोन बोटं टेकली.

हलकी. ओळखीची.

तिने डोळे उघडले नाहीत. ती मला म्हणाली, "मी कशाला उघडू? पस्तीस वर्षांचा संसार होता. मला बरं वाटलं रे."

तिने कोणाला सांगितलं नाही. तालमीची वाट बघू लागली. घरी एकटी जेवायची, पण तालमीला जाताना नीट केस विंचरून जायची.

पुढच्या आठवड्यात तिसरं बोट टेकलं.

काका कधीच तीन बोटांनी लय देत नसत. मावशीने मनाला समजावलं.

मग चौथं…

आणि लय मंदावू लागली.

थोडी थोडी. मावशी पुढच्या खांद्यावर बोटं मारायची ती स्वतःच्या लयीत नाही, खांद्यावर पडणाऱ्या लयीत. तीच लय सगळं रिंगण फिरायची. एका श्वासात संपणारी ओळ आता श्वासात मावेना. गाणारे मधेच धापा टाकू लागले.

"बाई, लय फार ओढताय," चिमणी म्हणाली. चिमणी म्हणजे मावशीच्या उजव्या हाताला उभी राहणारी मुलगी. सगळ्यात वरचा आवाज तिचा, म्हणून ते नाव.

"तुझा दम कमी पडतोय," मावशी म्हणाली.

त्याच तालमीत चिमणी चक्कर येऊन पडली. ओठ निळे झाले होते.

बाकीच्यांनी सांगून टाकलं. शनिवारचा कार्यक्रम होऊ दे, मग आमचा रामराम. काकांनी उभं केलेलं सगळं त्या शनिवारी संपणार होतं.

कार्यक्रमाआधी चहाच्या वेळी खर्ज मावशीला बाजूला घेऊन गेला. हा काकांचा सगळ्यात जुना गायक. त्याचा साधा नमस्कारसुद्धा विहिरीतून आल्यासारखा येतो, म्हणून सगळे त्याला खर्ज म्हणतात. रिंगणात तो रिकाम्या जागेच्या पलीकडे उभा राहायचा. काका होते तेव्हा त्याचा हात काकांच्या खांद्यावर असे. ते गेल्यापासून तो हात खिशात.

"बाई, रागावू नका. परवा सवयीने हात खिशातून काढला. पुढे केला. आणि तो… टेकला."

"कशावर?"

"खांद्यावर."

मावशीचे डोळे भरून आले. "मग? मला माहीत आहे. तेच आहेत."

खर्जने मान हलवली.

"बाई, पंचवीस वर्षं सरांच्या खांद्यावर हात ठेवला मी. हा खांदा वीतभर वर आहे."

मावशी चहा तसाच ठेवून आत गेली.

सहा वाजता लोक बसले. हॉलच्या मधोमध रिंगण, सभोवती खुर्च्या. काकांची जागा नेहमीसारखी रिकामी. मावशीने सूर दिला. पहिलं गाणं सुरू झालं.

सुरुवात सुरेख झाली.

आणि मग… पूर्ण पंजा तिच्या खांद्यावर पडला.

बोटं गळ्याच्या हाडापर्यंत पोचत होती. एवढा मोठा हात. थंड नव्हता. कोमट होता, आणि तेच तिला जास्त किळसवाणं वाटलं. पंजा दाबला गेला. उचलला. बराच वेळ गेला… पुन्हा दाबला गेला.

लय बुडत चालली. शेजारी चिमणीचा श्वास तुटत होता. मावशीच्या हाताखालचा तिचा खांदा थरथरत होता.

मावशीने डोळे उघडले. डावीकडे कोणी नव्हतं. फरशी, ऊन, आणि पलीकडे खर्जचा पांढराफटक चेहरा.

आणि मग माझ्या मावशीला राग आला.

दुःख नाही, भीती नाही, सणसणीत राग. नवऱ्याच्या नावाने कोणीतरी परकं घुसलं होतं. तिच्या एकटेपणाचा फायदा घेऊन तिच्या खांद्यावर हात टाकत होतं. आणि ती केस विंचरून येत होती!

गाणं न थांबवता तिने डावीकडे पाऊल टाकलं. थेट त्या जागेत.

तिथे काहीतरी होतं. ती सांगते, अंगाला अंग लागलं. बसमध्ये जागा अडवून बसलेल्याला आपण सरकवतो तसा तिने खांदा लावला आणि रेटला. उजव्या हाताने चिमणीला ओढून बरोबर घेतलं. चिमणीने पुढच्याला ओढलं. गाता गाता सगळं रिंगण एक पाऊल सरकलं.

पंजा घसरला…

खर्जचा हात आला आणि मावशीच्या खांद्यावर घट्ट बसला.

रिंगण बंद झालं.

मावशीने चिमणीच्या खांद्यावर लय मारली. जलद, ठसठशीत, काकांनी कधी दिली नसेल एवढी जलद. ती तिची स्वतःची होती. आवाज असे उसळले की मागच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले.

तेव्हा पावलं सुरू झाली.

रिंगणाच्या बाहेरून. सावकाश. प्रत्येकाच्या पाठीमागून जात होती… थांबत होती… पुढे जात होती.

फट शोधत होती.

कोणी हात काढला नाही. एकेक गाणं झालं, टाळ्या पडल्या, वाकून नमस्कार करायचा तोही त्यांनी खांदे धरूनच केला. लोकांना वाटलं, जुनी पद्धत असेल. शेवटच्या गाण्यात मावशीने मान मागे टाकली आणि मोठ्या आवाजात गायली. ती म्हणते, "त्याला ऐकू जावं म्हणून."

शेवटचा सूर विरला. पावलं दाराकडे गेली. दार उघडंच होतं.

नंतर पहिल्या रांगेतले एक आजोबा तक्रार घेऊन आले. गाणं उत्तम, म्हणाले, पण कार्यक्रम चालू असताना मधून कोण फेऱ्या मारत होतं? "दर वेळी मला पाय आत घ्यावे लागत होते!"

"दिसलं का कोणी?" मावशीने विचारलं.

आजोबांनी पटकन मागे वळून पाहिलं. मग टोपी घेऊन निघून गेले.

कॉयर चालू आहे. कोणी सोडून गेलं नाही. लोक म्हणाले हॉल बदला. मावशी म्हणाली, भाडं मी भरते, त्याने बदलावा. आजही तिथेच तालीम होते. कोणी आजारी पडलं की बाकीचे लगेच सरकून रिंगण बंद करतात. कोणाची जागा ठेवायची नाही, हा नियम आहे. आणि कधीकधी, गाणं चालू असताना, रिंगणाच्या बाहेरून…

ते कोण होतं, कुठून आलं, काकांच्या जागेवर किती दिवसांपासून डोळा ठेवून होतं, कोणालाच कळलं नाही.

मागच्या महिन्यात मी मावशीकडे गेलो होतो. जेवणाच्या टेबलाशी एकच खुर्ची. दुसरी तिने देऊन टाकलीय. मी जमिनीवर बसून जेवलो. निघताना तिने माझा हात धरला.

"हे बघ, मी गेले की माझ्या जागी लगेच कोणालातरी उभं करा. त्याच दिवशी. रडायचं ते नंतर रडा."

मी हो म्हटलं. पण मला गाता येत नाही. आणि गाणाऱ्यांपैकी कोणाची तरी छाती होईल का त्या जागी पाय ठेवायची, हे विचारायचा मला धीर झाला नाही.