लांब्याचा भयांक

पेटीची झडप वर गेली आणि लांब्या शेपूट हलवत आत शिरला. शर्यतीच्या सुरुवातीला कुत्री कोंडतात त्या लोखंडी पेटीची ही हुबेहूब नक्कल होती. तिच्या समोर उकिडवी बसून डॉ. शर्वाणी हुपरीकर त्याला हाक मारत होती.

लांब्याच्या गळ्यात भयमापक पट्टा होता. कुत्र्याची नाडी, लाळ आणि कातडीखालची थरथर मोजून तो एकच आकडा देई. त्याला भयांक म्हणत. लांब्या तिच्या घरी दत्तक आला तेव्हा नुसती पेटी दिसली तरी त्याचा भयांक नव्वदीपार जायचा. आज तो बाराच्या आसपास रेंगाळत होता. भरल्या पोटी उन्हात पडलेल्या कुत्र्याचाही साधारण तेवढाच असतो.

"बघितलंत, सर?" ती म्हणाली.

"बघितलं," डॉ. अच्युत बिडकर म्हणाले. शर्वाणी त्यांच्याच हाताखाली शिकली होती आणि वडिलांखालोखाल त्यांनाच मानत होती. आता ते श्वानशर्यत मंडळाचे शास्त्रीय सल्लागार होते. त्यांच्यासोबत सरकारी श्वाननिरीक्षक नसीमा मुजावर आल्या होत्या. बाई नव्यानेच मिरजेला बदलून आल्या होत्या आणि मुळात जनावरांच्या डॉक्टर होत्या, त्यामुळे कशालाच पटकन मान डोलावत नव्हत्या.

"भीती पुसता म्हणजे सगळी आठवणच जाते का याची?" त्यांनी विचारलं.

"नाही," शर्वाणी म्हणाली. "आठवण थिजलेल्या तुपासारखी असते. ती जागी झाली की थोडा वेळ पातळ होते आणि मग पुन्हा थिजते. ती पातळ असताना आम्ही स्मृतिद्रावक हुंगवतो, म्हणजे ती पुन्हा थिजत नाही. त्या वेळी जे जागं असेल तेवढंच जातं, बाकीचं शाबूत राहतं."

"आणि भीती नेमकी कशाची बसते?"

त्याचं उत्तर बिडकरांनी दिलं. "वेदनेच्या क्षणी कुत्रा ज्याच्याकडे बघत असेल त्याची. झडप निसटून याच्या पायावर पडली तेव्हा याची नजर झडपेवर होती. म्हणून शर्वाणीच्या गल्लीत किराणावाल्याने शटर ओढलं की हे बेणं मोरीत जाऊन बसायचं."

मुजावरबाई पहिल्यांदा हसल्या.

कायदा त्यांना ठाऊकच होता, कारण तो राबवणं हेच त्यांचं काम होतं. पेटीपाशी भयांक चाळीसच्या वर गेला की कुत्रं निवृत्त. मग त्याला दत्तक द्यायचं, पण मालकी मंडळाकडे ठेवायची, म्हणजे हौस फिटल्यावर कुणी त्याला रस्त्यावर सोडणार नाही. वर्षातून एकदा फेरतपासणी करायची. त्या वेळी पेटीसमोर उभं राहून हाक मारायची ती दत्तक घेणाऱ्यानेच, नाहीतर परक्या माणसाची भीती आकड्यात मिसळते. यातलं कलम न् कलम शर्वाणीच्या शिफारशीवरून आलं होतं. कुत्र्याला बोलता येत नाही, तेव्हा त्याच्या वतीने बोलणारा एक आकडा असावा, एवढीच तिची साधी धडपड होती.

घरी आप्पांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, मत वेगळं होतं. एसटीत स्टिअरिंग धरून जन्म काढलेला हा माणूस लांब्याला पहिल्यांदा पाहून म्हणाला होता, "कुत्रं आणलंयस का शिंगरू? एवढे पाय ठेवायचे कुठं?" आता हेच आप्पा दुपारी खाटेची अर्धी जागा त्याला देऊन स्वतः अंग चोरून झोपत. तोंडाने मात्र लाडावलेल्या कुत्र्यांचं काही खरं नसतं, असं कुरकुरत राहत.

फेरतपासणीची तारीख घ्यायला शर्वाणी म्हैसाळ रस्त्यावरच्या शर्यतनगरात गेली. मैदानात सकाळचा सराव चालू होता. खोटा ससा रुळावरून सुटला, पेट्या उघडल्या आणि कुत्री उधळली. त्यात सगळ्यात पुढे फाटक्या कानाची, पट्ट्यापट्ट्यांची एक कुत्री होती. ती तिने लगेच ओळखली. स्मृतिद्रावक पहिल्यांदा जिला हुंगवला होता ती ही मैना. पाय जायबंदी होऊन सांगलीच्या कवठेकरांकडे दत्तक गेली होती.

"ही इथं कशी?" तिने कुत्री आवरणाऱ्या माणसाला विचारलं.

"परत आली की, मॅडम. हाड जुळलं, भ्या गेलं, आली. लई आल्यात तशी." त्याच्या बोलण्यात काही लपवाछपवी नव्हती. बाईंना हे ठाऊकच असणार असं तो धरून चालला होता.

ती तशीच बिडकरांच्या खोलीत गेली.

"सर, मैना निवृत्त झाली होती."

"होती. फेरतपासणीत तिचा भयांक नऊ आला. चाळीसच्या वर असेल तर निवृत्त, खाली असेल तर पात्र. व्याख्या तुझीच आहे, शर्वाणी."

"ती दत्तक गेली होती."

"आणि त्या लोकांनी तिचं फार मनापासून केलं. बस तू आधी." त्यांनी स्वतः उठून तिला खुर्ची दिली. तिच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी त्यांनी अशीच खुर्ची दिली होती. "तबेल्यात हाड नीट जुळत नाही. कुत्रं खात नाही, झोपत नाही, झुरतं. घरात ठेवलं की जुळतं. त्याला प्रेमच लागतं आणि ते आम्हाला पैदा करता येत नाही. लोक ते आपणहून देतात."

दत्तक योजनेच्या प्रत्येक जाहिरातीत शर्वाणीचा फोटो होता. माणसांच्या दारात जाऊन तिने हात जोडले होते, एका जिवाला घर द्या म्हणून. ती घरं नव्हती, मंडळाचे दवाखाने होते, आणि त्यांतली सगळ्यात भाबडी नर्स ती स्वतः होती.

"त्यांचे पाय पुन्हा मोडणार आहेत, सर. पुन्हा पुन्हा."

"मोडतील आणि विसरतील. कुत्र्याला भीती नाही, तर क्रूरता कुठे आहे? तो दरवेळी पहिल्यांदाच पळतो. असं सुख माणसाच्याही वाट्याला येत नाही."

"मी कोर्टात जाईन."

"जा ना. तिथे तुला सांगावं लागेल की भयांक खोटा आहे. मग आज भयांकावर निवृत्त झालेली सगळी कुत्री दुसऱ्या दिवशी पेटीत उभी राहतील. विचार करून जा." मग आवाज खाली आणून ते मायेने म्हणाले, "लांब्याची तपासणी परवा ठेवलीय. कुत्रं सुंदर तयार केलंयस."

त्या मायेचीच तिला शिसारी आली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लांब्याला घेऊन पळून जाता येत नव्हतं. तो कुठे आहे ते मंडळाला कळवणारा मागकण त्याच्या मानेत बसवलेला होता, तो असला पाहिजे असा आग्रहही तिनेच धरला होता. एक वाट मात्र उरली होती. भीती पुसता येते तशी बसवताही येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरून परात आणि बत्ता घेऊन निघाली. आप्पांनी विचारलं, "प्रयोगशाळेत पंगत आहे का आज?"

लांब्या एकटा पेटीत शिरला नसता, म्हणून ती रोजच्यासारखीच समोर बसली. "लांब्या, ये. ये राजा." तो आला. तिने हातातली झडपेची दोरी सोडली आणि झडप त्याच्या जुळलेल्या पायावर पडली. हाड मोडणार नाही इतकंच वजन तिने ठेवलं होतं, पण तो ज्या आवाजात ओरडला तो आवाज तिने मोजला नव्हता. मग तिने परातीवर बत्ता हाणला. लांब्या झडपेकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, कारण आजवर काही दुखलं की तीच धावून आली होती. ती बडवत राहिली आणि रडत राहिली.

तपासणीच्या दालनात लांब्याला आधीच नेऊन बांधलं होतं. ती दारातून आत पाऊल टाकते न टाकते तोच मुजावरबाईंच्या कपाळाला आठी पडली. "पेटी अजून आणलेली नाही, आणि आकडा सत्तरच्या वर गेलाय. पट्टा बिघडला की काय?"

तिला बाहेर थांबवून त्यांनी पट्टा बदलला. काचेआडून शर्वाणीला आकडा दिसत होता. तो हळूहळू खाली आला. पेटी आणली, लांब्यासमोर ठेवली, झडप वरखाली केली. एकोणीस. लांब्याने पेटीला नाक लावलं आणि जांभई दिली.

तेव्हा तिला कळलं. जी गोष्ट ती वर्षानुवर्षं दुसऱ्यांना समजावत आली होती ती आज तिच्यावरच येऊन बसली होती. लांब्या पेटीला भीत नव्हता.

"आत या," मुजावरबाई म्हणाल्या. "समोर उभ्या राहा आणि हाक मारा. नियम आहे."

ती पेटीपलीकडे जाऊन उभी राहिली. आवाज होता तेवढा गोड करून म्हणाली, "लांब्या, ये राजा." लांब्याने भिंतीला अंग घासलं, पोट जमिनीला टेकवलं आणि फरशीवर मुतला. भयांक शहाण्णव.

मुजावरबाईंनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. त्या न कळण्याइतक्या साध्या नव्हत्या. "हाक मारल्यावर पेटीपाशी येणारा आकडा धरायचा, असं कलम आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "कुत्रं वर्षभरासाठी निवृत्त."

बाहेर व्हरांड्यात बिडकर उभे होते. सगळं त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी खिशातून स्मृतिद्रावकाची कुपी काढून तिच्या हातात दिली. "तुझीच आहे. समोर बस, तुझी भीती जागी होऊ दे आणि हुंगव. पुन्हा तुझ्या पायाशी येऊन झोपेल." कुपीवर त्यांनी तिची बोटं मिटवली. "आणि पुढच्या वर्षी आमच्या पेटीत येईल. तू स्वतःहून करशील, शर्वाणी. मी ओळखतो तुला."

कुपी तिने घरी फ्रिजमध्ये आप्पांच्या इन्शुलिनशेजारी ठेवली. कवठेकरांना आणि इतर दत्तकघरांना तिने सगळं सांगितलं, कोर्टात दावा लावला. तिथे तारखा पडू लागल्या. लांब्या आप्पांच्या खाटेखाली राहू लागला. ती स्वयंपाकघरात असली की तो पाण्यालाही येत नसे. ताटली ठेवून ती खोलीबाहेर गेली की मग तो जेवायचा.

"काय केलंस गं तू त्याला?" आप्पा विचारायचे. एकदा तिने खरं सांगितलं. नंतर कितीतरी दिवस त्यांनी तिच्या हातचा चहा घेतला तो तिच्याकडे न बघताच.

पण कुत्र्याची जात, राग धरून बसत नाही. कुपी न वापरताही, रोज अन्न देणाऱ्या, कधी हात न उगारणाऱ्या माणसाची भीती हळूहळू झिजते, हे तिला माहीत होतं. पुस्तकात ते तिनेच लिहिलं होतं. माहीत असूनही तिच्याच्याने राहवत नव्हतं. ताटली ठेवून बाहेर जाताना ती हल्ली दारातच रेंगाळायची, हळूच काहीतरी बोलायची.

एका दुपारी ती जमिनीवर बसून पावटे सोलत होती. खाटेखालून नखांचा आवाज आला. लांब्या एकेक पाऊल टाकत, थांबत, पुन्हा टाकत आला आणि त्याने आपलं लांबुडकं तोंड तिच्या मांडीवर ठेवलं. ती हललीसुद्धा नाही. मग तिने त्याच्या कानामागे बोटं फिरवली. त्याने डोळे मिटले आणि उसासा सोडला.

"आला गं," खाटेवरून आप्पा म्हणाले. "आला बघ. मी म्हणत नव्हतो?"

फेरतपासणी पुढच्या आठवड्यात होती.

शर्वाणी आणखी थोडा वेळ तशीच बसली. मग त्याचं डोकं अलगद खाली ठेवून उठली आणि ओट्याखालची परात काढली. आप्पांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. बत्ता तिने उजव्या हातात धरला. तो आपल्याकडेच बघत असायला हवा होता, म्हणून तिने अगदी मायेने हाक मारली, "लांब्या."

लांब्याने मान वर केली आणि शेपूट हलवत तिच्याकडे पाहिलं.