चौथं मशीन

जानेवारीत दिल्लीत कपडे वाळत नाहीत, म्हणून मी मागच्या बंद व्हरांड्यात दोरी बांधली होती. सर्व्हरही तिथेच मांडला. माझा नवरा सुधन्वा म्हणाला, "ओल्या कपड्यांखाली वीज? डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, "दोरी सरकवते. सर्व्हर इथेच राहणार." सरकवली दोरी.

सर्व्हर म्हणजे नेहरू प्लेसमधून आणलेला, कुठल्याशा ऑफिसने मोडीत काढलेला जाडजूड पीसी. रॅम दुसऱ्या दुकानातली, तीही जुनीच, घासाघीस करून घेतलेली. दुकानदार म्हणे, "मॅडम, घर पे इसका क्या करोगी?" मी म्हटलं, "अचार डालूंगी." मुकाट बिल फाडलं मेल्याने.

मला राग होताच, खोटं कशाला बोलू? दिवाळीच्या तोंडावर गुडगावच्या कंपनीने मला घरी बसवलं आणि लगेच पुण्याहून सासूबाईंचे फोन सुरू. आता परत या, सुखदाचं तिथे काय अडलंय? सुधन्वा केंद्र सरकारच्या नोकरीत, सरोजिनी नगरमधलं क्वार्टर त्याच्या नावावर. त्याने बदलीचा अर्ज लिहूनही ठेवला होता, फक्त सही बाकी. मी त्याला स्पष्ट सांगितलं, "मला नोकरी लागली की तो अर्ज फाडायचा. मी हे घर सोडणार नाही."

"आणि नाही लागली तर?"

"लागेल."

पुण्यात मी कुणाची तरी सून, कुणाची तरी वहिनी. इथे मी नुसती सुखदा. या दोन खोल्यांच्या, पोपडे उडालेल्या घरात मी पहिल्यांदा माझ्या मर्जीने उठले, झोपले, जेवले. ते असं सहजासहजी देऊन टाकू?

नोएडातल्या एका कंपनीने चाचणी ठेवली होती. घरच्याच सर्व्हरवर चार मशिनं एका वेळी चालवून दाखवायची. ते लोक तिकडून स्क्रीनवर बघणार. मशिनं म्हणजे खरी नव्हेत. खोकं एकच, पण आत वेगवेगळे संगणक असल्यासारखी व्यवस्था करायची. प्रत्येकाला वाटतं, सगळं खोकं आपलंच आहे. एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो.

पहिलं मशीन सुरू झालं. दुसरं सुरू केलं आणि घरात सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्या, तेलाचा वास आला.

आमच्याकडे ते तेल येत नाही, सुधन्वाला मळमळतं. स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. शेगडी थंडगार. वरचं क्वार्टर दुरुस्तीसाठी रिकामं, शेजारचे लग्नाला गेलेले. मी खिडक्या लावल्या. वास उलट वाढला, त्यात मेथी परतल्याचाही मिसळला. काही बदल करायचे होते म्हणून दुसरं मशीन बंद केलं, तर वास गेला. सुरू केलं, परत आला. योगायोग, म्हटलं. माणूस आधी तेच म्हणतो.

तिसऱ्या मशीनच्या वेळी दोरीवर, सुधन्वाच्या बनियनशेजारी, लहान मुलीचा मरून स्वेटर दिसला. हाताने विणलेला. त्यातून पाणी ठिबकत होतं. आम्हाला मूलबाळ नाही. मी बाही चिमटीत धरली. ओली, जड, थंड लोकर. तिसरं मशीन बंद केलं. मान वळवली तर दोरीवर फक्त आमचे कपडे. फरशीवर मात्र पाणी होतं. ते मी पुसून काढलं.

सुधन्वाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी सही ठोकली असती.

पण रविवारी दुपारी तिन्ही मशिनं चालू होती आणि आम्ही जेवत होतो. मी खोबरं भाजून आमटी केली होती. स्वयंपाकघरातून बाईचा आवाज आला, अगदी स्वच्छ. "सुनो जी, फिर वही जले नारियल की महक. ये लोग अभी गए नहीं."

कुणीतरी पुरुष खोकला.

सुधन्वाचा घास हातातच राहिला. मी उठून आत गेले. कोणी नव्हतं. ओट्यावर आमचंच पातेलं.

"बंद कर ते," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

"परवा चाचणी आहे."

"सुखदा, यार, ऐकलंस ना तू?"

"ऐकलं. मग? आपल्याला त्यांचा वास येतो, त्यांना आपला. फिट्टंफाट."

"ते आपल्याला घालवायचं बोलतायत!"

"बोलू देत. तुझी आईही तेच बोलते."

त्याचा चेहरा पडला. "मी सही करतोय. आपण जाऊ इथून. प्लीज."

"तू जा. मी या घरातून हलणार नाही." आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी ओरडले, "हम कहीं नहीं जा रहे! समझे?"

आत एक चमचा पडला.

चाचणीच्या दिवशी दुपारपर्यंत धुकं हटलं नव्हतं. सुधन्वा ऑफिसला गेला होता. स्क्रीनवर नोएडाचे साहेब. तिन्ही मशिनं सुरळीत चालू. ते म्हणाले, "चौथा स्टार्ट कीजिए."

चौथ्यापुरती रॅम खोक्यात नव्हतीच. मी चारही मशिनांना मिळून असल्यापेक्षा जास्त रॅम कबूल केली होती. स्वस्तात करायचं तर असंच करतात. सगळे एकदम मागायला उठले नाहीत तोवर निभतं. उठले, तर खोकं स्वतःला वाचवण्यासाठी कुणातरी एकाला बंद करतं. कुणाला, ते त्याचं ते ठरवतं.

मी बटण दाबलं.

पंखे किंचाळायला लागले. तेलाचा वास डोळ्यांत झोंबला. कुकरची शिट्टी झाली. माझ्या पाठीशी एक मुलगी हिंदीत पाढे म्हणत होती, कुणीतरी खोकत होतं, आणि आणखी कुणीतरी, नवीन, बादली ओढत नेत होतं. घर गच्च भरलं होतं. मी मुठी आवळून खुर्चीत बसून राहिले.

मग पंखे एकदम शांत झाले.

"यहाँ दिखा रहा है, एक बंद हुआ," साहेब म्हणाले.

"चारों चल रहे हैं, सर."

"हाँ. चारों तो चल रहे हैं." ते स्क्रीनजवळ झुकले. "मॅडम? हॅलो?"

"बोलिए, सर."

"हॅलो? मॅडम, आप हैं?"

त्यांनी कॉल कापला.

संध्याकाळी सुधन्वा आला. मी धावत पुढे गेले. "चारही चालली! फाड अर्ज!"

तो माझ्या अंगावरून आत गेला. दोन्ही खोल्या पाहिल्या, बाथरूम पाहिलं. "सुखदा?" म्हणाला. मोबाइल लावला. माझा मोबाइल माझ्या हातात होता, तो वाजला नाही.

मग त्याने पुण्याला फोन केला. "आई, सुखदा घरात नाहीये."

मी ओरडून ओरडून घसा बसवला. तो पोलिसांत गेला. पोस्टर छापली. मध्येच खाली बसून रडायचा, आणि मी शेजारी बसून त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे. त्याला काही कळायचं नाही. माझं काळीज तुटायचं, तरी मनात यायचं, सही करू नकोस रे.

होळीनंतर त्याने सही केली.

ट्रक आला. सर्व्हरचा प्लग त्यानेच काढला, खोक्यात भरून नेला. माझ्या बाजूला तोच सर्व्हर अजून व्हरांड्यात चालू आहे.

त्याने बाहेरून कुलूप लावलं. सुखदा हरली असं कुणी म्हणू नये. हलणार नाही म्हटलं होतं, हलले नाही.

"चलो, गए वो लोग," स्वयंपाकघरातून तीच बाई म्हणाली.

मी स्वयंपाकघराच्या दारात गेले. ती ओट्याशी उभी होती, पाठमोरी, माझ्याच वयाची. मुलगी खाली बसून मटार सोलत होती.

"मैं यहीं हूँ," मी म्हटलं. "मेरा घर है."

ती वळली. सरळ माझ्या डोळ्यांत बघून तिने हात जोडले.

"जानती हूँ," ती म्हणाली. "आप तो हमारे आने से भी बहुत पहले से हैं."

आणि मुलीचं तोंड तिने हळूच दुसरीकडे वळवलं.