पुढच्यांची पानं

मंगळवारी, दोन सप्टेंबरला, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी वाईच्या दफ्तराची नोंद ऑनलाइन गेली. निवेदिता आगाशेनं बटण दाबलं आणि गार झालेला चहा संपवला.

मुन्शी घाटाच्या मागच्या गल्लीत, ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर ती काम करायची. तीर्थोपाध्याय वेणीमाधव गुरुजींच्या घराण्याकडची एक्केचाळीस दफ्तरं वाळवी लागल्यामुळे तिथे आली होती. काशीला आलेल्या मराठी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या हातानं लिहिलेली नावं त्यांत होती. दिवाळीपर्यंत सगळी ऑनलाइन गेली, तरच निवेदिताचा करार एकतीस मार्चच्या पुढे जाणार होता.

वर्णनाचे साचे दोन होते. पहिल्यात प्रत्येक घराण्याची वेगळी नोंद होत असे आणि एका नोंदीला चाळीस मिनिटं लागत. दुसऱ्यात पंधरा रकान्यांत अख्खं दफ्तर उरकायचं.

“अरे निवेदिता, छोटावाला घे ना,” प्रमुख विश्वेश म्हणाला होता. “त्या मोठ्यात जिंदगी जाईल. तुझी पण, माझी पण.”

तिनं छोटा घेतला. निवड तिची होती. कागदावर सही तिचीच आहे.

त्या साच्यात ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन रकाने होते. दोन्ही भरावेच लागत. गुरुजी रोज येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसत. त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

“‘पर्यंत’ काय लिहिलंस?”

“शेवटच्या नोंदीची तारीख. रिकामा सोडला तर पुढे जात नाही, गुरुजी.”

“वही चालू आहे, बेटा. प्रत्येक घराण्यामागे कोरी पानं सोडलीत. पुढच्यांची पानं आहेत ती. यायचेत अजून लोक जन्माला.”

“सॉफ्टवेअरला कळत नाही ते.”

“तुला तर कळतं.”

तिनं नोंदवहीत लिहिलं: वाई, लिहिलेली पानं दोनशे बारा, कोरी सेहेचाळीस. कोरी पानं स्कॅन करायची नाहीत असा नियम होता. दोन आठवड्यांत सहा दफ्तरं गेली. सहाव्यात तिचं स्वतःचं घराणं होतं. आजोबांचं अक्षर, मग बाबांचं, मग धाकट्या भावाचं, अनिशचं. पुढे कोरं पान. अनिशची बायको अंतरा पुण्यात सातव्या महिन्यात होती. डोहाळजेवणासाठी निवेदितानं चौकातून हिरवी बनारसी घेऊन पाठवली होती. डॉक्टरांनी दिलेली तारीख, एकवीस नोव्हेंबर, तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल पेननं गोल केली होती.

सोळा सप्टेंबरला वाईचे श्रीराम फडतरे आले. बायकोचं श्राद्ध होतं. फोनवर त्यांनी गुरुजींना सांगितलं होतं, नातीला आणतो, आजीचं नाव तीच लिहील, आमच्या देवश्रीचं अक्षर बघाच. निवेदितानं ते ऐकलं होतं. फोन स्पीकरवर होता.

फडतरे एकटेच जिना चढून आले. खांद्याला गुलाबी झाकणाची लहान पाण्याची बाटली अडकवलेली.

“देवश्री कुठाय?” गुरुजींनी विचारलं.

“कोण देवश्री?”

“तुमची नात.”

फडतरे हसले. “चेष्टा करता काय गुरुजी? आमच्यात पुढं कोणी नाही.”

“मग ही बाटली?”

त्यांनी बाटली हातात घेतली, फिरवून पाहिली. “गाडीत कुणीतरी विसरलं असेल,” म्हणाले, आणि ती टेबलावर ठेवली.

गुरुजींनी दफ्तर उघडलं. फडतऱ्यांच्या शेवटच्या नोंदीनंतर थेट दुसऱ्या घराण्याचं नाव लागलं. निवेदितानं पानं मोजली. पुन्हा मोजली. दोनशे बारा; कोरं एकही नाही. फाडल्याची खूण नव्हती. शिवण जुनी, दोरा अखंड. खिडकीतून धुराचा वास येत होता; खाली नावेची मोटर तेवढी वाजत होती.

फडतऱ्यांनी समासात बायकोचं नाव लिहिलं आणि ते गेले. बाटली तिथेच राहिली.

निवेदितानं सहावं दफ्तर ओढलं.

अनिशच्या अक्षरापुढे दुसरं घराणं होतं.

तिनं फोन लावला. “अंतरा कशी आहे?”

“मस्त. ऑफिसात आहे. का गं ताई?”

“डॉक्टरकडे कधी जायचंय?”

“कशाला?” अनिश म्हणाला. “तिला काय झालंय?”

पाच मिनिटांनी अंतराचा निरोप आला: ताई, साडी फार सुंदर आहे, पण हिरवीच का? आणि आत्ता काय निमित्त?

निवेदितानं सहाव्या दफ्तराची नोंद उघडली, ‘पर्यंत’ पुसलं. रकाना लाल झाला. मोठ्या साच्यात नवी नोंद करायला घेतली. या क्रमांकाच्या दफ्तराची नोंद आधीच प्रकाशित आहे, असं उत्तर आलं. तिनं विश्वेशला हाक मारली.

“एकदा पब्लिश झालं की बदलत नाही,” तो दारातूनच म्हणाला. “तूच तर निवडलंस हे. रडतेस कशाला भई?”

गुरुजी खुर्चीतून उठले होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काठी टेकत जिना उतरले. बुधवारी ते आले नाहीत.

बुधवारी सकाळी विश्वेश कॅलेंडरासमोर थांबला. “एकवीस नोव्हेंबरला काय आहे?”

निवेदितानं लाल गोलाकडे पाहिलं. अनोळखी अक्षर ओळखू पाहावं तसं पाहिलं.

“कराराची कसलीतरी तारीख असेल,” ती म्हणाली. गुलाबी झाकणाच्या बाटलीतलं पाणी प्यायली आणि सातवं दफ्तर पुढे ओढलं.

संध्याकाळी सहा वाजता सातवी नोंद ऑनलाइन गेली. ‘पर्यंत’ भरलेलं आहे.